आर्वो पेर्ट ऐकायचा तर शब्द समोर ठेवून ऐका

हल्ली यूट्यूबवर एस्टोनियाचा संगीतकार आर्वो पेर्ट याचं म्युझिक 'झोपेसाठी', 'अभ्यासासाठी' अशा प्लेलिस्टमधे टाकलेलं असतं आणि मला ते खरंच खटकतं. त्याचं 'कानोन पोकायानेन' एकदा सलग ऐका, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. वाद्य एकही नाही, नुसता कॉयर, म्हणजे गाणाऱ्यांचा समूह, सव्वा तासाच्या वर, चर्च स्लाव्होनिक या जुन्या धार्मिक भाषेतली ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांची पश्चात्तापाची प्रार्थना. 'देवा, माझ्यावर दया कर' हे परत परत येतं आणि दरवेळी मागणारा माणूस अजून थोडा मोडलेला वाटतो. यावर झोपायचं कसं?

रेकॉर्डिंग ईसीएम या कंपनीचं घ्या, १९९८ चं, एस्टोनियन फिलहार्मोनिक चेंबर कॉयर, कंडक्टर तोनू काल्युस्ते. पेर्टने ही रचना यांनाच अर्पण केलीय, आणि ते ऐकताना जाणवतं, कुठेही नटवेपणा नाही, बास आवाज खाली धरून ठेवलेत आणि वर बायकांचे आवाज एकदम स्वच्छ.

पेर्टची पद्धत सांगायला सोपी आहे, एक आवाज पायरी पायरीने वरखाली चालतो आणि दुसरा एकाच कॉर्डच्या तीन सुरांतच फिरत राहतो. पण चाल ठरते शब्दावरून, जोर कुठे, वाक्य कुठे संपतं, थांबायचं कुठे. पंढरपूर आपल्या सोलापूर जिल्ह्यातच, त्यामुळे संध्याकाळचा हरिपाठ कानावर पडलेल्या माणसाला हे लगेच पटेल, तिथंही चाल साधी, तीच ती, कारण काम शब्दांनी करायचं असतं. म्हणून म्हणतो, प्रार्थनेचं इंग्लिश भाषांतर नेटवर मिळतं, ते समोर ठेवा.

आणि या माणसाला श्रद्धा काही फुकट मिळालेली नाही. १९६८ मधे सोव्हिएत राजवटीत त्याने 'क्रेडो' या रचनेत येशूवरचा विश्वास उघड गायला लावला, त्यावर बंदी आली, मग कित्येक वर्षं जवळजवळ गप्प, जुनं चर्चसंगीत शिकत बसला, १९७६ ला हा नवा आवाज सापडला आणि १९८० मधे देश सोडावा लागला. एवढं सोसून लिहिलेल्या प्रार्थनेला आपण बॅकग्राउंड म्युझिक करायचं?

आपल्या सोलापुरातल्या चर्चच्या कॉयरमधे गाणारे कुणी हे वाचत असतील तर त्याचं 'बोगोरोदित्से द्येवो' हे मेरीच्या प्रार्थनेचं गाणं बघा, १९९० चं, मिनिटभराचंच आहे पण काय जोर आहे त्यात! नाताळात कुणीतरी ते बसवावं असं फार वाटतं, आणि हुतात्मा स्मृती मंदिराच्या सभागृहात माइक लावून नको, चर्चमधेच गा, त्या आवाजांना भिंतींचा घुमारा लागतो.