‘ई. कोलाय शून्य’ म्हणजे विषाणू शून्य नव्हे

पॅकहाउसमध्ये, म्हणजे शेतमाल निवडून-धुवून भरतात तिथे, भाज्या-फळं धुण्यासाठी वापरतात त्या पाण्याबद्दलचा एक मजकूर बराच फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ‘पाणी नितळ आहे, त्यात क्लोरीन आहे, ई. कोलाय या विष्ठेतल्या जिवाणूची चाचणी शून्य आली आहे. मग विषाणू कशाला शोधायचे? ते शरीराबाहेर टिकत नाहीत, आणि पीसीआरला (विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीला) सापडतात ते मेलेले तुकडे. ही तपासणी म्हणजे नुसता खर्च.’ हे वाचून कुणी तपासणी बंद केली, तर त्याची किंमत ती भाजी कच्ची खाणाऱ्याला मोजावी लागेल. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

नितळपणाचा मुद्दा लवकर संपतो. जुलाब-उलट्या घडवणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूचा कण ३० ते ४० नॅनोमीटरचा असतो. ई. कोलायचा जिवाणू त्याच्या पन्नासपट लांब, आणि तोसुद्धा डोळ्यांना दिसत नाही. ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही हे विषाणू आरपार जाऊ शकतात. गढूळ पाणी वाईट हे खरं, पण म्हणून नितळ पाणी निर्धोक ठरत नाही.

खरी गफलत ‘ई. कोलाय शून्य’ या दोन शब्दांत आहे. ही चाचणी उपयोगी आणि स्वस्त आहे, ती चालूच राहिली पाहिजे. पाण्यात विष्ठा मिसळली आहे का, याचा माग तिच्यातून लागतो. पण ई. कोलाय हा जिवाणू आहे आणि क्लोरीनपुढे तो चटकन मरतो. नोरोव्हायरस आणि कावीळ घडवणारा हिपॅटायटिस ए या विषाणूंवर स्निग्ध आवरण नसतं, नुसतं प्रथिनांचं घट्ट कवच असतं, त्यामुळे ते जास्त चिवट. म्हणजे अपुऱ्या क्लोरीनच्या पाण्यात माग देणारा आधी मरतो आणि ज्याचा माग काढायचा तो शिल्लक राहू शकतो. शिवाय ई. कोलाय गुराढोरांच्या शेणातून आणि पक्ष्यांच्या विष्ठेतूनही येतो, तर आपल्याला छळणारे हे दोन विषाणू मुख्यतः माणसाच्याच विष्ठेतून येतात. एकाच्या आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही, कुठल्याच दिशेने.

मात्राही लक्षात घ्या. नोरोव्हायरसने आजारी पडलेल्या माणसाच्या एक ग्रॅम विष्ठेत अब्जावधी कण असू शकतात, आणि काही अंदाजांनुसार आजार व्हायला काही डझन कणही पुरतात. हिपॅटायटिस ए तर कावीळ दिसण्याच्या आधीच्या एक-दोन आठवड्यांत सर्वाधिक बाहेर पडतो. म्हणजे भाजी हाताळणारा कामगार त्या दिवशी ठणठणीत दिसत असतो.

म्हणूनच विषाणूंचा माग काढायला विषाणूच वापरावा, असा विचार पुढे आला. कोलिफाज हे ई. कोलायला लागण करणारे विषाणू. माणसाला ते अपाय करत नाहीत, प्रयोगशाळेतल्या ताटलीवर वाढवून साधारण दिवसभरात मोजता येतात, आणि त्यांतले काही आकाराने व घडणीने नोरोव्हायरसच्या जवळचे आहेत. युरोपीय संघाच्या २०२० च्या पेयजल निर्देशात कच्च्या, म्हणजे शुद्ध न केलेल्या पाण्यासाठी १०० मिलिलिटरमागे ५० कोलिफाज असं संदर्भमूल्य दिलं आहे. ते पेयजलाच्या स्रोतासाठी आहे, धुण्याच्या हौदासाठी नाही, पण विचाराची दिशा तीच. माणसाच्या विष्ठेची आणखी एक खूण म्हणजे मिरचीच्या झाडावरचा एक विषाणू. मिरची आपल्या पोटातून जाते, तो विषाणूही जातो, म्हणून सांडपाण्यात तो विपुल सापडतो. मात्र जिथे मिरचीच धुतली जाते तिथे ही खूण वापरू नये, कारण तो थेट पिकावरूनच आलेला असू शकतो.

आता क्लोरीन. ‘क्लोरीन टाकलंय’ याचा अर्थ ते शिल्लक आहे असा होत नाही. माती आणि चिरलेल्या पानांचा रस ते झपाट्याने खाऊन टाकतात. पाण्याची आम्लता-क्षारता दाखवणारा आकडा, म्हणजे पीएच, ७.५ च्या आसपास पोचला की जोमाने काम करणारं हायपोक्लोरस आम्ल जवळपास निम्मंच उरतं, आणि पीएच चढला की आणखी घटतं. सकाळी मोजलेला आकडा दुपारच्या हौदाला लागू होत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हौदातल्या क्लोरीनचं मुख्य काम पान निर्जंतुक करणं हे नसतंच. धुण्याने जंतू फार तर दहा ते शंभर पटींनी घटतात. क्लोरीन असतं ते एका क्रेटमधली घाण पाण्यावाटे पुढच्या सगळ्या क्रेटना लागू नये म्हणून. तेच पाणी फिरवून वापरताना क्लोरीन संपलं, तर धुणं म्हणजे घाण वाटणं होतं.

‘शरीराबाहेर टिकत नाहीत’ हे अर्धसत्य आहे. ते शरीराबाहेर वाढत नाहीत, पण टिकतात. गार पाण्यात हिपॅटायटिस ए आठवडे, महिने तग धरतो, आणि गोठवल्याने हे विषाणू उलट जपले जातात. २०१२ मध्ये जर्मनीत गोठवलेल्या स्ट्रॉबेरीतल्या नोरोव्हायरसने सुमारे ११,००० जण आजारी पडले, बहुतेक शाळकरी मुलं. २००३ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात कच्च्या कांद्याच्या पातीतून ६०१ जणांना हिपॅटायटिस ए झाला, तिघे दगावले. दोष धुण्याच्या पाण्याचाच होता असं मी म्हणत नाही. पण विषाणू उत्पादनाच्या ठिकाणापासून ताटापर्यंत टिकतात, हे या दोन्ही घटनांतून दिसतं.

पीसीआरचा आक्षेप मात्र मला मान्य आहे, अर्ध्यापर्यंत. पीसीआर विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय धागा, मोजते. क्लोरीनने निकामी केलेल्या विषाणूचा आरएनएही तिला सापडू शकतो. नोरोव्हायरस तर २०१६ पर्यंत प्रयोगशाळेत धड वाढवताच येत नव्हता, आणि आताची पद्धतही रोजच्या तपासणीला झेपणारी नाही. तरीही प्रश्न काय विचारायचा ते बघा. तो आरएनए आपोआप उगवला नाही. विहिरीच्या किंवा नदीच्या पाण्यात तो सापडला, तर तिथे माणसाची विष्ठा पोचली आहे. कण मेलेला असला तरी वाट उघडी आहे.

त्या मजकुरात नसलेली अडचण उलट बाजूची आहे: ‘आढळला नाही’ हा शेरा. विषाणू विरळ असतात, म्हणून लिटर-लिटर पाण्यातले विषाणू थोड्याशा पाण्यात गोळा करावे लागतात. त्यात काही निसटतात, आणि पाण्यातले सेंद्रिय घटक पीसीआरला अडवतात. आयएसओ १५२१६ या अन्नातले विषाणू शोधण्याच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणित पद्धतीत म्हणूनच नमुन्यात आधी एक ओळखीचा विषाणू, बहुधा मेंगोव्हायरस, मिसळतात आणि त्यातला किती परत मिळाला ते पाहतात. तो आकडा आणि तपासलेल्या पाण्याचं प्रमाण नसलेला अहवाल मी तरी मानणार नाही.

राहिला खर्च. रोज प्रत्येक हौदाची पीसीआर करा, असं मीही म्हणत नाही. क्लोरीन आणि पीएच सतत मोजावेत, ई. कोलाय आणि कोलिफाज ठरावीक अंतराने. मानवी विषाणूंची चाचणी स्रोताच्या पाण्यावर करावी, आणि स्रोत बदलला, मुसळधार पाऊस झाला, सांडपाण्याची वाहिनी फुटली किंवा कामगारांत जुलाब-उलट्यांची साथ दिसली की पुन्हा करावी. आजारी कामगाराला सुट्टी आणि हात धुण्याची सोय तर चाचणीच्याही आधी हवी. अन्नातल्या विषाणूंबद्दलच्या कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांचा भर असा प्रतिबंधावरच आहे. आणि हौदाचा नमुना नवं पाणी भरल्याबरोबर घेऊ नये. कामाची पाळी संपताना, शेवटचा क्रेट निघाल्यावर घ्यावा.