नळ, हौद आणि मुतखडा

लातूरच्या माणसाला पाण्याचा हिशेब विचारू नये. तो विचारणाऱ्याची रात्र खातो. आमच्या भाच्यानं विचारला, आणि तोही अमेरिकेतल्या डेन्व्हरहून. त्याची तिकडं संध्याकाळ असते तेव्हा इकडं माझी पहाट, म्हणजे नळाला पाणी यायची वेळ. एका हातात पाइप, दुसऱ्या हातात फोन.

"मामा, तुम्ही नळ आणि हौदाची गणितं शिकवायचात ना? मग सांगा, शेवटी एकोणीस लिटर हाती यायला किती पाणी घ्यावं?"

"एकोणीस."

"तसं नसतंय मामा. बिअर आहे."

मी दार लोटून घेतलं. आमच्या हिच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. शिवाय इकडं असला उद्योग विनापरवाना केला तर माणूस 1949 च्या दारूबंदी कायद्यात अडकतो. तिकडं 1979 पासून घरच्यापुरती बिअर करायला केंद्राची मोकळीक. घरात दोन मोठी माणसं असली तर वर्षाला 200 गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर. कायद्यात बसणारी पिंपंसुद्धा मोजून!

कृती ऐकायला सोपी. मोड आणून, वाळवून, शेकलेला चार किलो जव घ्यायचा. याला माल्ट म्हणायचं. तो भरडून 66 अंशांच्या पाण्यात तासभर मुरवायचा, की पिठूळपणाची साखर होते. गोड पाणी निथळून घ्यायचं, चोथ्यावर आणखी गरम पाणी घालून राहिलेली साखर धुऊन काढायची आणि मग सगळं हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, टाकून तासभर उकळायचं. इथपर्यंत मला काही अडचण नव्हती. अडचण पाणी कुठं जातं त्यात होती.

दाणे किलोमागं साधारण लिटरभर पाणी पितात आणि परत देत नाहीत: चार गेले. उकळताना वाफ होऊन आणखी चार. पातेल्याच्या तळच्या गाळात दोन. तोटीच्या खाली जे साचून राहतं ते एक. आणि उकळतं पाणी गार झालं की चार टक्के आकसतं, त्यातही लिटरभर गेलं. एकतीस ओतावं तेव्हा एकोणीस पदरात.

बारा लिटर! 2016 च्या एप्रिलात मिरजेहून आमच्यासाठी रेल्वेनं पाणी आलं होतं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याआधी पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. हे ज्यानं पाहिलंय त्याला 'लॉस' हा शब्द सोसत नाही.

"अरे, मग झाकण ठेव की!"

"झाकलं तर उकडलेल्या मक्याचा वास येतो मामा. तो वाफेबरोबर जावा लागतो."

वर हेही की वाफ टक्क्यांवर जात नाही, तासावर जाते. पातेलं तेच आणि आच तीच असली, तर दहा लिटर उकळा नाहीतर वीस, जाणार जवळपास तेवढंच. मी जन्मभर पोरांना सांगत आलो की पाणी 100 अंशाला उकळतं. याच्याकडं ते 95 लाच उकळतं; गावच सोळाशे मीटर उंचावर. एवढ्या बेशिस्त पाण्याचं गणित बोर्डाच्या पेपरात कधी आलं नव्हतं.

तरी एकतीसचा आकडा जमला. एकोणीस लिटर भरले. आणि भाच्याचा चेहरा पडला. साखरेनं रस किती दाट झाला ते हायड्रोमीटर नावाच्या तरंगत्या नळीनं मोजतात: साधं पाणी 1.000, आणि 1.036 म्हणजे लिटरमागं 36 पॉइंट. किलोभर माल्टातून अगदी सगळं उतरलं तर साधारण 300 पॉइंट, म्हणजे चार किलोचे 1200. त्यातलं पाऊण उतरलं तरी हायड्रोमीटरवर 1.047 दिसायला हवं होतं, दिसलं 1.036. एकोणीस गुणिले छत्तीस, 684, भागिले बाराशे. "57 टक्के," मी म्हणालो. गरम रसात बुडवलास का, तेही विचारलं, कारण गरम रसात ते यंत्र खोटं बोलतं. नाही म्हणाला. म्हणजे साखर चोथ्यातच राहिली होती.

एवढ्यात ही आत आली. जव, उकळणं, गाळणं, खाली काय पडलं, असलं काहीबाही दारातून तिच्या कानावर पडत होतंच. जवाचं पाणी माणूस कशासाठी पितो हे आमच्याकडं सांगावं लागत नाही. तिनं फोन घेतला.

"मुतखडा झालाय आणि सांगितलं नाहीस होय रे? लई दुखूलालंय का?"

पोरगं हुशार. "आता बरं आहे मामी."

"जव दाखव."

त्यानं कॅमेरा पिशवीवर धरला.

"निम्मे दाणे अख्खे आहेत. अख्ख्या दाण्यातून काय उतरंल, कप्पाळ? अजून बारीक भरड. आणि पाणी एकदम नको ओतू. निम्मं घाल, हलव, निथळू दे, मग राहिलेलं. धुणं दोन पाण्यातून काढल्याबिगर साबण निघतो का?"

पाणी तेवढंच, पण दोनदा विभागून धुतलं की साखर जास्त उतरते, हे मी मागाहून कागदावर मांडून पाहिलं. पानभर गणित झालं. तोवर तिची भाजी फोडणीला पडली होती.

भाच्यानं पुढच्या वेळी उत्साहात जव मिक्सरमधून काढला. तोटीतून थेंब गळंना, नुसता चिखल. पुन्हा मामी.

"पीठ कर म्हणलं होतं का? टरफल राहू दे. त्यातूनच तर गाळतंय. आणि चोथा फार धुऊ नको, तुरट होतंय."

हेही खरंच. साखर उतरून पाणी फिकं पडलं तरी धूत बसलं तर टरफलातला तुरटपणा उतरतो, 1.010 च्या खाली आलं की थांबावं. भाचा 1.010 म्हणतो, ही बोट बुडवून चव घे म्हणते.

नंतर एका पहाटे मी पाइप धरून उभा असताना फोन तिनंच उचलला.

"काय रे, पडला का?"

तिकडून पोरगं आनंदात ओरडलं, "मामी, 75 टक्के!"

"राहिलेला पण पडंल. रोज झोपताना एक ग्लास घेत जा."