कानाझावाला का गेलो नाही : सुहासजींच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सुहासजी,

तुमचं म्हणणं असं की २ जानेवारी २०२४ ला दुपारनंतर जपानमधल्या कानाझावा शहराची शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) पुन्हा सुरू झाली होती, शहर उभं होतं, तरी आम्ही घाबरून तिथे जायचा बेत बदलला. मुलांचा तिकडच्या शिराकावा-गो या डोंगरी गावातला बर्फ हुकला, आणि पर्यटकांनी अशी पाठ फिरवली की तिथल्या लोकांच्या पोटावर पाय येतो. शेवटच्या मुद्द्यावर येतेच. ‘घाबरून’ मात्र मला मान्य नाही.

१ जानेवारीला दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी नोतो द्वीपकल्पात ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. आम्ही टोकियोत हॉटेलच्या लॉबीत होतो. तिथे जोराचा धक्का नव्हता, पण छताचे दिवे बराच वेळ झुलत राहिले. टीव्हीवरची निवेदिका अक्षरशः ओरडत होती. जपानी येत नसूनही कळत होतं, की ती किनाऱ्यावरच्या लोकांना पळा म्हणतेय. २०११ नंतर पहिल्यांदाच मोठ्या त्सुनामीचा इशारा दिला होता.

आता नकाशा बघा. नोतो म्हणजे समुद्रात घुसलेला जमिनीचा चिंचोळा पट्टा. रस्ते मोजकेच, तेही जागोजागी खचलेले. तिकडे जाणारी मदत आणि तिकडून निघालेली घर गमावलेली माणसं, दोन्हींचं जवळचं मोठं शहर कानाझावाच. शहरातही किल्ल्याच्या दगडी भिंती काही ठिकाणी ढासळल्या होत्या, एकविसाव्या शतकाच्या कलासंग्रहालयात छताच्या काचा खाली आल्या होत्या. अशा वेळी आपण चौघांनी दोन खोल्या अडवून बर्फ बघायला जायचं? १९९३ साली किल्लारीला बघ्यांच्या गर्दीने मदतकार्यात किती अडथळा आला, हे आमच्या घरात लहानपणापासून ऐकलंय. गाडी सुरू झाली म्हणजे आपण जायलाच हवं, असं मला वाटत नाही. हॉटेलवाल्यांनी आमचं आरक्षण एक येनही न कापता रद्द केलं आणि वर त्यांनीच माफी मागितली.

बदललेला बेतही सोपा नव्हता. नववर्षाच्या सुट्टीत ‘नोझोमी’ या जलद शिंकान्सेन गाड्यांमध्ये त्या वर्षीपासून सगळी आसनं आरक्षित केली होती, आणि ती भरलेली. म्हणून २ तारखेला सकाळी प्रत्येक स्टेशनावर थांबणारी ‘कोदामा’ पकडून नागोयाला गेलो. अनारक्षित डब्यात सामानासकट उभं राहावं लागलं, धाकटी बॅगेवर बसून झोपली. दुपारी आत्सुता मंदिरात नववर्षाच्या दर्शनाची रांग. संध्याकाळी बातमी आली, की हानेदा विमानतळावर भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेल्या तटरक्षक दलाच्या विमानाची प्रवासी विमानाशी टक्कर झाली. प्रवासी विमानातले ३७९ जण वाचले, तटरक्षक दलाचे पाच जण गेले. मग मुलांनी शिराकावा-गोचा विषय काढला नाही.

आता तुमचा शेवटचा मुद्दा. तो खराच आहे. पहिला आठवडा वेगळा आणि पुढचे महिने वेगळे. आरक्षणं रद्द होत राहिली, म्हणून तर सरकारला मार्चपासून होकुरिकु (कानाझावा आणि आसपासच्या) भागातल्या मुक्कामांवर निम्म्यापर्यंत सवलत द्यावी लागली. नोतोतल्या वाजिमा गावाचा सकाळचा बाजार भूकंपानंतरच्या आगीत जळाला, पण तिथल्या विक्रेत्यांनी त्याच मार्चमध्ये कानाझावाच्या कानाइवा बंदराजवळ बाजार मांडला. तुम्ही कानाझावाला जाणार असाल तर वाजिमाच्या लाखकामाची एखादी वाटी, चॉपस्टिक्स, जमेल ते घ्या. महाग वाटेल, तरी घासाघीस करू नका.