नावात काच नाही, म्हणून गावात काच नव्हती?

सध्या एक मजकूर या गटातून त्या गटात फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: काच करण्याची विद्या भारतात इंग्रजांनी आणली. त्याआधीच्या बांगड्या लाखेच्या, शंखाच्या, हस्तिदंताच्या. पुरावा म्हणून गावांची नावं दिली आहेत. कुंभारवाडा सापडतो, तांबट आळी सापडते, पितळेची कासार आळी सापडते, पण काचेवरून नाव पडलेलं जुनं गाव सापडत नाही. काचेशी जोडलेली नावं आहेत ती एक तर मोगल काळातली, फिरोझाबादसारखी, किंवा विसाव्या शतकातली, ओगलेवाडीसारखी. आणि शेवटी, ‘गावाचं नाव कधी खोटं बोलत नाही.’

गावाचं नाव खोटं बोलत नसेलही. पण त्याला न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपण त्याच्या तोंडी घालतो, त्याचं काय?

ओगलेवाडीपासूनच सुरुवात करू. कराडजवळ 1916 साली, औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने ओगले बंधूंनी काच कारखाना काढला. पुढे प्रभाकर कंदील घरोघरी पोचला, आणि वस्तीला नाव मिळालं ते मालकांच्या आडनावाचं. पलीकडे किर्लोस्करवाडीचंही तेच. आता तळेगाव घ्या. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा मागून उभ्या केलेल्या पैसा फंडातून 1908 साली तिथे काच कारखाना निघाला. जपानात शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तो सांभाळला. तो नुसता कारखाना नव्हता, शाळाही होती. तिथे तयार झालेले कारागीर देशभरच्या कारखान्यांत गेले. पण गावाचं नाव तळेगाव दाभाडे. त्यात सेनापती दाभाडे आहेत, काच कुठेही नाही. म्हणजे मजकुराची कसोटी लावली, तर ज्याचे कागदपत्र आहेत, ज्याची तारीख माहीत आहे, तो कारखानासुद्धा या कसोटीवर नापास होतो. शंभर वर्षांपूर्वीचं जे या चाळणीतून निसटतं, त्याच चाळणीतून हजार वर्षांपूर्वीचं कसं शोधणार?

फिरोझाबादचं उदाहरण त्याहून लंगडं आहे. हे नाव अकबराच्या काळातल्या फिरोझशाह नावाच्या मनसबदारावरून पडलं, असं तिथली परंपरा सांगते. त्याआधी या भागाचं नाव चंदवार. 1194 साली जयचंद आणि घोरी यांची लढाई झाली ती इथेच. नाव बदललं त्या दिवशी भट्टी पेटली असं म्हणायला आधार काय? नावाने सत्ता कोणाची ते कळतं. भट्टी कधीची ते नाही.

नावांवरून काचेचा माग काढणं ही पद्धत मुळात चुकीची नाही, हेही सांगायला हवं, कारण काही जण रागाच्या भरात ती पद्धतच मोडीत काढतात. इंग्लंडच्या दक्षिणेला वील्ड नावाच्या जंगलपट्ट्यात, चिडिंगफोल्डच्या आसपास, मध्ययुगात काचेच्या भट्ट्या होत्या. लाकूड संपलं की भट्टी पुढे सरकायची आणि मागे शेताला ‘काचघराचं शेत’ असं नाव उरायचं. 1615 साली राजाने काचभट्टीत लाकूड जाळायलाच बंदी केली, आणि ती जागा कायमची ओस पडली. विसाव्या शतकात संशोधकांनी या शेतांची नावं गोळा केली, मग तिथे जाऊन मुशीचे, म्हणजे काच वितळवायच्या मातीच्या भांड्याचे, तुकडे आणि काचेचा कचरा शोधला. त्यात दोन गोष्टी आहेत. नाव गावाचं नव्हतं, शेताचं होतं. आणि नाव मिळाल्यावर काम संपलं नाही, तिथून सुरू झालं.

आता ‘इंग्रजांनी आणली’ हा मुद्दा. हस्तिनापूरच्या उत्खननात ख्रिस्तपूर्व काळातल्या, नक्षी रंगवलेल्या राखाडी भांड्यांच्या थरात काचेच्या बांगड्यांचे तुकडे मिळाले. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी भारतीय काचेची वाखाणणी करतो. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडावर 1945-46 साली डेक्कन कॉलेजने खणलं, तिथे बहमनी काळातल्या रंगीत काचेच्या बांगड्या निघाल्या. उत्तर प्रदेशात खलीलाबादजवळ कोपिया नावाचं गाव आहे. तिथे ख्रिस्तपूर्व काळापासून काचेचं काम चालत होतं. 2004 पासून आलोक कुमार कानुनगो यांनी ते खणलं. कोपिया या नावात काचेचा मागमूस नाही.

उलट बाजूही प्रामाणिकपणे मांडतो. गुजरातेतलं भडोच आणि केरळातलं मुझिरिस या बंदरांत पश्चिमेकडून कच्ची काच उतरत असे, हे ग्रीक भाषेतल्या प्राचीन सागरी मार्गदर्शिकेत लिहिलेलं आहे. तेव्हा सगळी काच इथलीच, असा दावा मी करत नाही. पण आयात होती म्हणजे कारागिरी नव्हती, हेही खरं नाही. कच्च्या काचेचे गोळे मागवतो तो त्यापासून काही तरी घडवायलाच.

आणि सर्वांत बोलका साक्षीदार कंपनी सरकारचाच आहे. टिपू पडल्यावर, 1800-01 साली, फ्रान्सिस बुकानन म्हैसूर मुलखाची पाहणी करत फिरला. आजच्या चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या मत्तोडला त्याने बांगड्यांच्या काचेच्या भट्ट्या पाहिल्या आणि टिपून ठेवल्या. माल सगळा आसपासचा: खारी माती आणि पांढरी गारगोटी कुटून केलेली पूड. गारगोटीतून काच येते, मातीतला खार तिला कमी तापात वितळवतो. इंग्रजांनी ही विद्या आणली असती, तर त्यांचाच माणूस तिची नोंद नवल म्हणून कशाला करत बसला असता? मत्तोड या नावातही काच ऐकू येत नाही.

तिरुपतीजवळच्या पापनायडूपेटेत तर आणखी ठळक दाखला आहे. नाव एका नायडूचं. पण काचेची लांब पोकळ नळी ओढायची, तिचे बारीक तुकडे पाडायचे आणि राखेत घोळवून तापवत कडा गोल करायच्या, ही पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडू या प्राचीन बंदराच्या काळातली मणी करण्याची रीत विसाव्या शतकापर्यंत जिवंत राहिली ती याच गावात.

राहिली कासार आळी. मजकुरात ती पितळेचा पुरावा म्हणून आली आहे. कासार भांडी विकत तसे बांगड्याही भरत, हे कोणत्याही आजीला माहीत असतं. मात्र ती विक्रीची जागा, भट्टीची नव्हे. तिच्यावरून कोणत्याही बाजूने काही सिद्ध होत नाही, म्हणून मी ती माझ्याही बाजूने वापरणार नाही.

ज्यांना या विषयात खरा रस आहे त्यांनी गावांच्या याद्या सोडून शिवाराकडे वळावं. टेकाडांची, वाड्यांची, शेतांची जी नावं फक्त जुन्या माणसांच्या तोंडी आहेत ती लिहून काढावीत. आणि जमिनीकडे बघावं. लोखंड गाळताना उरणारी मळी जड, काळी, छिद्राछिद्रांची असते. काचेचा कचरा फोडला की शिंपल्यासारखी वळणदार, धारदार कड निघते आणि पातळ कडेतून उजेड आरपार दिसतो. त्याला चिकटलेला भाजक्या मातीचा थर असेल तर तो मुशीचा असू शकतो. असा तुकडा नांगरताना मिळाला तर जागेची खूण लिहून तो राज्याच्या पुरातत्त्व विभागाला दाखवा, स्वतः खणायला जाऊ नका. खणलं की थर मिसळतात आणि काळ ठरवता येत नाही.