मांजरासाठी आहे, म्हणून माप घ्यायचे नाही?

आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला आज एक वाकडे भोक आहे, त्यावर पुठ्ठा ठेवून चिकटपट्टी मारलेली आहे, आणि पहाटे चार वाजता माझी 73 वर्षांची आई भिंतीचा आधार घेत उठते, कडी काढते, जाळीच्या दाराचा कोयंडा सरकवते आणि आमची मांजर भुरी मागे जाऊन परत येईपर्यंत तिथेच उभी राहते. आईच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली आहे. तिला हे रात्रीचे उठणे पडू नये, एवढ्याच कारणासाठी मी मे महिन्यात मांजराचे दार बसवायला काढले होते. आता श्रावण संपत आला. पैसे गेले, चांगले दार गेले, भुरीच्या पोटाला टाके पडले आणि आई अजून उठतेच आहे. कामाला उशीर होतो, खर्च वाढतो, हे मी समजू शकते; परंतु या कामाला हात लावणाऱ्या प्रत्येक माणसाने, काम मांजराचे आहे हे कळताक्षणी माप घेणे सोडून दिले, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

आमचे रो-हाऊस नाशिकच्या इंदिरानगरात आहे. मागे कपडे-भांडी धुण्याची लहानशी जागा आहे, ती आम्ही बाजूंनी आणि वरून जाळी लावून बंद करून घेतली, कारण मांजर रस्त्यावर सोडणे मला मान्य नाही. गल्लीत कुत्र्यांच्या टोळ्या आहेत आणि मुख्य रस्त्यावरच्या गाड्या कोणासाठी थांबत नाहीत. भुरीचा वाळूचा ट्रे तिथेच असतो. ती नऊ वर्षांची आहे, रंगाने राखी आहे, आणि तिचे नाव दिंडोरीच्या मामांनी ठेवले, ज्यांनी द्राक्षबागेवरच्या भुरी नावाच्या रोगापायी आयुष्यभर फवारण्या केल्या त्या मामांनी. स्वयंपाकघर आणि ही जागा यांच्यामध्ये दोन दारे आहेत, आतले फ्लश डोअर आणि बाहेरचे लोखंडी जाळीचे. दिवसा ती उघडी असतात, पण रात्री डास, घुशी आणि भुरटे चोर या तिन्हींच्या भीतीने दोन्ही लावून घ्यावी लागतात. मांजर हा प्राणी पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वांत जास्त जागा असतो, ती त्याची जातच आहे, आणि त्यासाठी त्याच्यावर चिडणे हा अन्याय आहे. ‘ट्रे आत घ्या की’ असे सांगणारे नातेवाईक पुष्कळ भेटले. ज्या घरात ओटा आणि देव्हारा एकाच खोलीत आहेत, तिथे तो ट्रे आत कुठे घ्यायचा, हे मात्र त्यांच्यापैकी कोणीही सांगितले नाही.

रविवार कारंजाच्या हार्डवेअरच्या दुकानांत मी दोन दुपारी घालवल्या. मांजरासाठी दाराला बसवायची झडप हवी आहे असे म्हटले की समोरचा माणूस आधी हसायचा आणि मग पत्रपेटीची झडप किंवा कुत्र्याचा पिंजरा पुढे करायचा. शेवटी 2,150 रुपये देऊन ती ऑनलाइन मागवली. वस्तू साधी आणि विचारपूर्वक केलेली आहे. दाराच्या दोन्ही बाजूंनी एकमेकींत बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या दोन चौकटी असतात, त्यांच्यामध्ये वरून टांगलेली पारदर्शक झडप झुलते, झडपेच्या तळाशी असलेले लोहचुंबक तिला मध्यभागी आणून थांबवते, आणि फक्त आत, फक्त बाहेर, दोन्हीकडे किंवा पूर्ण बंद अशा चार तऱ्हांनी ती लावता येते. पेटीत कागदाचा एक नमुना होता. मांजर उभे असताना त्याच्या पोटाची जमिनीपासूनची उंची मोजायची, कापाची खालची कड त्या उंचीला ठेवायची, नमुना दारावर चिकटवायचा आणि रेषेवरून कापायचे, इतके सगळे त्यावर चित्रांसह दिलेले होते. भुरीच्या पोटाची उंची मी स्वतः मोजली, ती साडेपाच इंच भरली. त्यानंतर ज्यांच्या ज्यांच्या हातात हे काम गेले, त्यांच्यापैकी एकानेही स्वतःहून कधी काही मोजले नाही.

दार कापण्याआधी शेजारच्या स्लायडिंग खिडकीतून वाट काढता येईल का, म्हणून एका काचवाल्याला बोलावले होते. त्याने लांबूनच काच पाहिली, ‘करून देतो’ म्हणाला, 500 रुपये उचल घेतली आणि तीन आठवडे आलाच नाही. ती काच टफन्ड आहे. अशी काच 600 अंशांच्या वर तापवून जोरदार हवेने एकदम थंड केलेली असते, तिच्या आत ताण कोंडलेला असतो, आणि एकदा तयार झाल्यावर तिला कापायला गेले की तिचा चुरा होतो. भोक हवे असेल तर ते काच तापवण्याआधीच पाडून घ्यावे लागते. ज्याचा धंदाच काचेचा आहे त्याला हे ठाऊक नसेल असे मी मानत नाही. काचेच्या कोपऱ्यावरचा शिक्का वाचायला अर्धे मिनिट पुरे होते, आणि तेवढा वेळ त्याने दिला नाही.

मग मिस्त्री आले. ‘उद्या’ म्हणून पाचव्या दिवशी आले, तेही मी गिळले. माझे वडील सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमला तीस वर्षे होते. त्यांचा पोलादी गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, आम्ही अजून तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवतो. तो गुण्या, कागदाचा नमुना आणि साडेपाच इंचाचा आकडा लिहिलेली चिठ्ठी अशा तीन गोष्टी मी मिस्त्रींच्या हातात दिल्या. ते म्हणाले, “ताई, मांजर आहे ते, कुठूनही जातं. होऊन जाईल, टेन्शन नका घेऊ.” तेवढ्यात मला ऑफिसचा फोन आला. वीस मिनिटांनी परत आले तेव्हा गुण्या वॉशिंग मशिनवर जसाच्या तसा होता, नमुन्याच्या कागदाची घडी चहाच्या ग्लासाखाली होती आणि दाराला भोक पडलेले होते.

मी टेप लावला. खालची कड जमिनीपासून साडेदहा इंचांवर होती. का, असे विचारल्यावर उत्तर मिळाले की इतके खाली वाकून मशीन धरायला त्रास होतो. डाव्या आणि उजव्या बाजूंत तीन सुतांचा फरक होता; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अवघ्या सात इंचांच्या चौकोनात तीन सूत! जिगसॉ या विजेच्या करवतीचे पाते वर येताना कापते, त्यामुळे मशीन ज्या बाजूला टेकवलेले असते त्या बाजूचा सनमायका उडतो; म्हणूनच रेषेवर चिकटपट्टी मारतात आणि कमी दिसणाऱ्या बाजूने कापतात. यांनी स्वयंपाकघराच्या बाजूने उघड्यावर कापले, आणि कडेचा सनमायका उंदराने कुरतडल्यासारखा निघाला. चौकटीसोबत आलेले स्क्रू बाजूला ठेवून पिशवीतले मोठे स्क्रू त्यांनी इतके आवळले की प्लॅस्टिकची चौकट मधोमध बाकली. झडप वरून टांगलेली असते, तिला ओळंबा सांभाळावाच लागतो. चौकट तिरकी बसली की झडप एका कडेला घासते, चुंबक चुंबकासमोर येत नाही आणि ती अर्धवट उघडी राहते. त्या रात्री स्वयंपाकघर डासांनी भरले.

मांजर कुठूनही जाते, हे वाक्य मी या तीन महिन्यांत इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते कानावर पडले तरी माझे हात थरथरतात. मांजराच्या गळ्याजवळची हाडे बाकीच्या हाडांना सांध्याने जोडलेली नसतात, त्यामुळे जिथे डोके शिरते तिथून बहुधा अंगही निघते, हे मला माहीत आहे. पण अडचणीत एकदा निसटणे आणि रोज दहा वेळा ये-जा करणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वय झालेल्या मांजरांच्या सांध्यांना सूज येणे हे सर्रास आढळते. ती विव्हळत नाहीत, फक्त उड्या मारणे कमी करतात, आणि घरच्यांना वाटते की मांजर आळशी झाले. आईच्या गुडघ्यांची कीव करणारे लोक भुरीच्या गुडघ्यांचे नाव काढले की तोंड फिरवतात. मांजराच्या दुखण्याला दुखणे म्हणायचेच नाही, असे कोणी ठरवले?

आतल्या दाराला भोक पडले तरी बाहेरचे जाळीचे दार तसेच होते. “ते वेल्डिंगवाल्याचं काम,” असे म्हणून मिस्त्री 1,200 रुपये घेऊन गेले. अंबडकडचा एक फॅब्रिकेशनवाला मिळाला, तो मी कामावर असताना आला. मी फोनवर साडेपाच इंच सांगितले होते, त्याने बरोबर साडेपाच इंचांवर सळया कापल्या. मात्र त्या सळयांच्या मागे, हातभर अंतरावर सुद्धा नाही, साडेदहा इंचांवर दुसरे भोक आहे आणि दोन्हींतून जाणारे मांजर एकच आहे, याकडे त्याने मान वर करून पाहिले नाही. दोन दारांच्या मधल्या चार इंचांत भुरीने धडपडत खाली उतरायचे आणि मग दुसऱ्या भोकातून वाकून बाहेर पडायचे, अशी ती वाट झाली. आणि कापलेल्या सळयांची टोके त्याने घासली नव्हती. ग्राइंडर त्याच्या हातातच होता, त्याच ग्राइंडरने त्याने सळया कापल्या होत्या, टोकांवरून तो एकदा फिरवायला मिनिटसुद्धा लागले नसते.

तिसऱ्या रात्री भुरीचे पोट त्या टोकांवर फाटले. आईला फरशीवर रक्ताचे थेंब दिसले. रात्री अडीच वाजता कोणते दवाखाने उघडे असणार. सकाळी आठला गंगापूर रोडवरच्या पशुवैद्यांकडे नेले, त्यांनी भूल देऊन चार टाके घातले आणि गळ्यात ती शंकूसारखी कॉलर अडकवली. दहा दिवस ती कॉलर भिंतींना आपटत भुरी घरभर फिरत होती. टाके निघाल्यावर मी झडप दोरीने वर बांधून, पलीकडे तिच्या आवडीचा सुका बांगडा ठेवून, रोज अर्धा-अर्धा तास तिला शिकवायचा प्रयत्न केला. ती दारापाशी येते, भोकाकडे पाहते आणि मागे सरते. तिचे काही चुकत नाही.

त्यात पावसाळा आला. कापलेल्या कडांना प्रायमर आणि ऑइलपेंट लावायला मी मिस्त्रींना दोनदा सांगितले होते, कारण फ्लश डोअरचा आतला भुसा एकदा उघडा पडला की तो पाणी पितो, आणि हे दार तर धुण्याच्या जागेला लागूनच आहे. “मांजराच्या दाराला काय फिनिशिंग पाहिजे, ताई?” असे ते म्हणाले होते. जुलैच्या संततधारेत कडा फुगल्या, झडप अडकली, आणि आता दाराचा खालचा भाग बोटाने दाबला तरी दबतो. नवे दार 4,800 रुपयांचे आहे. आतापर्यंत टाके आणि औषधे धरून 6,050 रुपये गेले ते वेगळेच. मी मिस्त्रींना फोन केला. “भोक पाडून द्या म्हणालात, पाडून दिलं,” एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला.

ज्या नाशिकजवळ ओझरला लढाऊ विमाने बांधली जातात, ज्या नाशिकरोडला नोटा छापल्या जातात, ज्या सातपूर आणि अंबडच्या शेडमध्ये माणसे मायक्रॉनचा हिशेब करत पाळ्या संपवतात, त्या शहरात सात इंचांचा एक चौकोन काटकोनात कापून मिळत नाही, हे मला पटत नाही. मिळतो. हेच मिस्त्री शेजारच्यांच्या देवघराची महिरप करत होते तेव्हा मी पाहिले आहे, सुताचाही फरक नव्हता, कडा पॉलिश पेपरने तीन वेळा घासल्या होत्या. हात तेच, हत्यारे तीच. आमच्याकडे त्यांनी टेप खिशातून काढला नाही, कारण त्या वाटेने जाणारी भुरी तक्रार करायला येणार नव्हती. तिच्या वतीने तक्रार करणारी मी तिथे उभी होते, पैसे माझ्या हातून जात होते, दार माझे होते, तरीही मला हसून उडवून लावले गेले, आणि या अपमानाचा राग मला त्या फुगलेल्या दारापेक्षा जास्त आहे.

नवे दार सोमवारी येणार आहे, नवा मिस्त्रीही त्याच दिवशी येणार आहे. त्यानेसुद्धा फोनवर ‘होऊन जाईल’ म्हटले आहे. मी रजा टाकली आहे. दोन्ही दारांचे चित्र काढून, साडेपाच इंचांची रेघ दोन्हींवर एकाच उंचीला मारून तो कागद मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावला आहे, सळयांची टोके घासायला कानस आणून ठेवली आहे, प्रायमरचा डबा आणला आहे. वडिलांचा गुण्या फडक्यातून काढून ओट्यावर ठेवला आहे. येणाऱ्या माणसाने आधी खाली बसून भुरीच्या पोटाची उंची टेपने मोजायची, मग मला तो आकडा मोठ्याने सांगायचा, आणि तोवर त्याच्या जिगसॉची वायर मी प्लगमध्ये घालू देणार नाही.