गोल्डफिशला टॅली शिकवायची नाहीये

क्लास चालवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मथळा : 'नोकरदार विद्यार्थ्यांचं लक्ष का लागत नाही?' खाली मुद्दे. मोबाईलमुळे माणसाचं लक्ष आता आठच सेकंद टिकतं, गोल्डफिशपेक्षा एक सेकंद कमी. म्हणून दर दहा मिनिटांनी खेळ किंवा विनोद घ्या. वाचलेलं 10 टक्के, ऐकलेलं 20 टक्के आणि केलेलं 90 टक्के लक्षात राहतं. दारातच मोबाईल जमा करा. एवढं करूनही जो लक्ष देत नाही त्याला शिकायचंच नसतं, त्याच्यावर वेळ घालवू नका.

मी सोलापुरात संध्याकाळच्या बॅचला टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, आणि जीएसटी शिकवतो. बॅचमध्ये सगळे कमावते. जांभया रोज बघतो, पण या मेसेजमधलं जवळजवळ काहीच पटत नाही.

आधी माशाचं. आठ सेकंदांचा आकडा जगभर गेला तो 2015 साली, मायक्रोसॉफ्टच्या कॅनडा शाखेने जाहिरातदारांसाठी काढलेल्या अहवालातून. तो त्यांच्या स्वतःच्या प्रयोगातला नव्हताच, स्टॅटिस्टिक ब्रेन नावाच्या संकेतस्थळावरून उचललेला होता. 2017 मध्ये बीबीसीने त्याचा उगम शोधला, तर मागे संशोधन म्हणावं असं काही सापडलं नाही. माशाचीही त्यात उगीच बदनामी झाली.

बरं, कॅनडा राहू द्या. सोलापूरच्या पूर्व भागात एखाद्या घरी विड्या वळणाऱ्या बाईजवळ जरा वेळ बसा. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा, आणि हे हजार विड्या होईपर्यंत. मजुरी हजारावर. वळण बिघडलं तर तपासणीत विडी बाजूला पडते. यंत्रमागावरचा कामगार एकाच वेळी अनेक मागांवर नजर ठेवतो, धागा तुटला की त्याला आवाजावरून कळतं. याच घरांतली पोरं-पोरी माझ्या बॅचला येतात. यांचं लक्ष आठ सेकंदांचं? दिवसभर लक्ष देऊन देऊन ती माणसं दमलेली असतात, एवढंच. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखालच्या खोलीत सात वाजता बसवून 'मूलभूत संकल्पना' फळ्यावर उतरवायला लावल्या, तर डुलकी मलाही लागेल.

आता खेळ आणि विनोद. 'दर दहा मिनिटांनी लक्ष उडतं' हा समजही ठिसूळ पायावर उभा आहे. विल्सन आणि कॉर्न या दोन संशोधकांनी 2007 मध्ये त्यामागचा पुरावा तपासला, तो अगदी तोकडा निघाला. 2010 मध्ये अमेरिकेत डायन बन्स आणि सहकाऱ्यांनी रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना लक्ष उडालं की बटण दाबायला सांगितलं. लक्ष ठरावीक मिनिटाला न उडता अधूनमधून, बहुतेकदा मिनिटभर किंवा त्याहून कमी वेळ उडत होतं. प्रात्यक्षिक किंवा प्रश्न चालू असताना, आणि त्यानंतरही काही वेळ, ते कमी उडत होतं. म्हणजे उपयोग कामाचा होतो, करमणुकीचा नाही. दोन मुलांच्या बापाला सगळ्यांसमोर टाळ्या वाजवायला लावून बघा, दुसऱ्या दिवशी तो येत नाही.

माझ्याकडे तास बिलाने सुरू होतो. टेरी टॉवेलचा माल, एचएसएन (मालाचा कोड) 6302, कर 5 टक्के. पार्टी पुण्याची असेल तर सीजीएसटी (केंद्राचा वाटा) अडीच आणि एसजीएसटी (राज्याचा वाटा) अडीच. तोच माल हैदराबादला, म्हणजे दुसऱ्या राज्यात गेला, तर सरळ आयजीएसटी 5 टक्के. हे मी सांगत नाही. दोन्ही बिलं समोर ठेवतो आणि विचारतो, कर वेगळा का लागला? कारखान्याच्या ऑफिसात बसणारा पोरगा लगेच सरसावतो, कारण असं चुकीचं बिल निघाल्यावर शेठ कुणावर ओरडतो हे त्याला ठाऊक असतं. नियम नंतर येतो, दहा मिनिटांत संपतो. पुस्तकातली 'एबीसी ट्रेडर्स' घेतली की तोच पोरगा खिडकीबाहेर बघत बसतो.

टक्केवारीचा मुद्दा पटकन संपतो. त्या आकड्यांना अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांचं नाव चिकटवतात, पण त्यांच्या 1946 च्या शंकूच्या आकृतीत टक्केच नव्हते, ते नंतर कुणीतरी घातले. 10, 20, 90 असे गुळगुळीत आकडे खऱ्या प्रयोगातून निघत नसतात, हे हिशेब शिकवणाऱ्यांना तरी कळायला हवं. या विषयात विश्वासाचे आकडे हवेच असतील, तर रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा 2006 चा प्रयोग घ्या. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्याने साधारण 42 टक्के आठवला, न बघता आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के. म्हणून वही मिटून कालची एक एंट्री पुन्हा करायला लावतो. कुरकुर होते. होऊ दे.

मोबाईल बाकाखाली असावा, इथवर मेसेजशी सहमत. पण जमा करून घ्यायचा? सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. घरी म्हातारी आई एकटी असेल तर 'पाणी आलंय' हा फोन घ्यावाच लागतो. कुणाला सुपरवायझरचा फोन असतो, कुणाचं लेकरू शेजारी ठेवलेलं असतं. मोबाईल काढून घेतला तर हात मोकळा होईल, जीव तिकडेच राहील. मधोमध पाच मिनिटांची सुट्टी द्या आणि ती नेमक्या वेळेला द्या. सुट्टी ठरलेली असली की चोरून बघणं बरंच कमी होतं.

शेवटचा मुद्दा मात्र सगळ्यात वाईट : लक्ष नाही म्हणजे शिकायचंच नाही. आपल्याकडे कितीतरी जणांची घरची भाषा तेलुगू किंवा कन्नड. मराठी बाजारापुरती उत्तम, पण 'समायोजन', 'देय कर', 'पूर्वलक्षी' असं एकामागून एक आलं की माणूस मान डोलावतो आणि मनातून निघून जातो. विचारलं तर उत्तर ठरलेलं, 'कळलं की सर!' अशाला शेजारच्याने दोन वाक्यांत तेलुगूतून समजावलं की गाडी रुळावर येते. तास चालू असताना ही कुजबुज मी थांबवत नाही. बाहेरून बघणाऱ्याला तो गोंधळ वाटतो.

काही जण खरंच फक्त सर्टिफिकेटसाठी येतात. कुणाची फी मालकाने भरलेली असते, कुणाला घरच्यांनी ढकललेलं असतं. त्यात आळस बघायचा कशाला? त्यांना परीक्षेपुरतं नीट शिकवावं आणि मागे लागू नये.

आणि रिकाम्या बाकांवर चिडण्याआधी कॅलेंडर बघा. जीएसटीची दर महिन्याची रिटर्न भरायची असतात : जीएसटीआर-1 ची तारीख 11, थ्री-बीची 20. कर सल्लागारांकडे काम करणारी मुलं त्या दिवसांत उशिरा येतात, आली तरी डोक्यात पोर्टल असतं. जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरला की अर्धी बॅच तिकडे. त्या आठवड्यांत मी नवा धडा काढत नाही. ज्याची रिटर्न अडकली असेल त्याला मालकाचे आकडे झाकून तीच फळ्यावर मांडायला सांगतो, आणि बाकीचे त्यातली चूक शोधतात.