सीमेवर जाण्याआधी शिक्का नीट वाचा

परदेशात राहण्याची मुदत संपत आली की ‘शेजारच्या देशात पाय ठेवून परत या, मुदत नव्याने सुरू’ असं प्रवासावरच्या एका लेखात सरसकट म्हटलंय. त्यावर कृपया विसंबू नका. शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, हे चालतच नाही. तिथे कोणत्याही दिवशी मागचे 180 दिवस मोजतात आणि त्यात मुक्काम 90 दिवसांपेक्षा जास्त नको. आल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस धरले जातात. बाहेर जाऊन आल्याने आकडा शून्यावर येत नाही.

थायलंडमध्ये व्हिसामुक्त प्रवेश जमिनीवरून वारंवार मिळेलच असं नाही, आणि मिळतो तोही अधिकाऱ्याच्या मर्जीवर. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, रोख पैसे हाताशी ठेवा. हातात सिंगल एंट्री (एकदाच प्रवेश देणारा) व्हिसा असेल तर री-एंट्री परमिटशिवाय, म्हणजे परत येण्याची परवानगी आधी घेतल्याशिवाय, बाहेर पडताच उरलेले दिवस बुडाले!

लोक खरे अडकतात ते दोन चौक्यांच्या मधे. एक्झिटचा शिक्का बसलेला असतो आणि पलीकडचा देश आत घेत नाही, कारण ई-व्हिसा त्या नाक्यावर चालत नाही किंवा पासपोर्टची सहा महिन्यांची वैधता उरलेली नसते. म्हणून आधी पलीकडचा प्रवेश पक्का करा आणि शेवटच्या दिवशी कधीच निघू नका.

परतल्यावर खिडकीपासून हलण्याआधी नव्या शिक्क्यावरची शेवटची तारीख वाचा. चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते, नंतर ती तुमचीच ठरते. थायलंडमध्ये जास्त राहिल्यास दिवसाला 500 बाट दंड आहे, कमाल 20,000. त्यापेक्षा मुदत संपण्याआधी इमिग्रेशन कार्यालयात 1,900 बाट भरून वाढीव मुदतीचा अर्ज करणं कितीतरी सोपं.